व्हिएन्नाचे भाडे आणि देवासची ओसरी

दिवाळी अंकात धंद्याच्या आठवणी लिहाव्यात त्या पेन्शनीत निघालेल्या माणसाने. माझे वय अठ्ठावीस, पेन्शन मला कोणी देणार नाही, आणि मी जे करतो त्याला धंदा म्हणायला माझे वडीलही अजून तयार नाहीत. तरी संपादकांनी लिहा म्हटले. त्यांनी नको असलेला मजकूर गाळायचे कबूल केले आहे. मी गाळू देणार नाही.

मी भाडेकऱ्यांचा प्रचारक आहे. इंदूरच्या आमच्या छोट्या भाडेकरी सभेने मला त्या कामावर ठेवले, आणि धार आणि देवास ही दोन गावे माझ्याकडे दिली. काम समजायला अवघड नाही. घरोघर जायचे, खोली पावलांनी मोजायची, पाणी कुठून भरता, पावसाळ्यात कुठे गळते, भाडे किती, मागे कधी वाढले, हे विचारून वहीत उतरवायचे. मग इंदूरच्या छापखान्यात पत्रक छापून आणायचे आणि बाजारच्या दिवशी वाटायचे. दोन्ही गावांत माझे नाव कोणाला ठाऊक नाही. मी ‘पत्रकवाले’.

यातली खरी विद्या भाडे विचारण्यात आहे. भाडेकरी मला भाडे चढवून सांगतो, कारण मी त्याच्या बाजूचा. शेजाऱ्याला तोच भाडे उतरवून सांगतो, कारण अब्रूचा प्रश्न. घरमालक सांगतच नाही, छातीवर हात ठेवून उसासा टाकतो. तेव्हा खरा आकडा हवा असेल तर पलीकडच्या घरातल्या बाईला विचारावे. ती भाडे सांगते, मालकिणीने त्यातून काय घडवले ते सांगते, आणि सोनार कोण तेही सांगते.

माझे दुसरे हत्यार म्हणजे युरोप. मी युरोप पाहिलेला नाही. मी इंदूरच्या वाचनालयात बसून महिन्या-दीड महिन्यापूर्वीची विलायती वर्तमानपत्रे पाहिली आहेत, आणि त्यातले घरभाड्याचे सगळे कापून नव्हे, उतरवून घेतले आहे. (कापल्यावरून एकदा ग्रंथपालाने मला बाहेर काढले होते.) महायुद्धात तिकडे कारखान्यांच्या गावी माणसे लोटली आणि घरमालकांनी भाडी चढवली. ग्लासगोच्या बायकांनी भाडे देणे बंद केले आणि घर रिकामे करायला आलेल्या शिपायांना पिठाने मारून परतवले. मग सरकारने कायदा केला की लहान घरांचे भाडे लढाईपूर्वी होते तेवढेच राहील. पॅरिसमध्ये रणांगणावर गेलेल्याच्या बायकापोरांना घराबाहेर काढायला बंदी झाली. व्हिएन्नात तर भाडे असे बांधून टाकले की पुढे तिथले नाणे कोसळले आणि महिन्याच्या भाड्यात धड एक जेवण मिळेना. तिथल्या घरमालकाची मला दया यावी असे काहीजण म्हणतात. वेळ मिळाला की येईल.

हे सगळे मी सभेत सांगत असे. पिठाची गोष्ट बायकांना फार आवडे. देवासला एकदा सखूबाई म्हणून एक बाई मागून म्हणाल्या, “पीठ कशाला वाया घालवायचं भाऊ? चुलीतली राख काय वाईट?” त्या दिवशी माझे निम्मे भाषण हसण्यात बुडाले. सखूबाईंची गोष्टच मला सांगायची आहे, पण आधी धारचा एक मासला सांगतो, म्हणजे कायद्याने सगळे होते असा माझा समज का राहिला नाही ते कळेल.

धारला तात्या म्हणून एक घरमालक होते. अत्यंत गोड माणूस. भाडे वाढवायचे नाही, असा त्यांनी गावापुढे शब्द दिला होता, आणि माझ्या पत्रकात मी त्यांची तारीफही छापली. मग पहिल्या वर्षी त्यांनी भाडेकरू मास्तरांचा परसातला रहाट काढून नेला. दुसऱ्या वर्षी माळ्यावर चढायची शिडी नेली. तिसऱ्या वर्षी मधल्या भिंतीला दार पाडून एक खोली आपल्याकडे वळवली. मी तावातावाने गेलो तर तात्यांनी मला पाट मांडला, पेरू कापून दिला आणि म्हणाले, “भाडं वाढवलं का मी? एक पै तरी? छापा तुम्ही, खुशाल छापा.” मी छापले. ‘धारमध्ये भाडे वाढत नाही, घर कमी होते’ असा मथळा दिला. तात्यांनी त्याच्या दहा प्रती माझ्याकडून मागून घेऊन पाहुण्यांना दाखवल्या. विलायतेतही हेच होते, मी नंतर वाचले. भाडे बांधले की मालक छप्पर शाकारायचे बंद करतो. माणूस तिथलाही तात्याच.

आता देवास. बाहेरगावच्या वाचकांना हे गाव समजावून सांगावे लागते, आणि समजावले तरी त्यांना खोटे वाटते. गाव एक, राज्ये दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांच्या कचेऱ्या वेगळ्या, शिपाई वेगळे, आणि बाजाराच्या मोठ्या रस्त्याची एक बाजू एकाची तर दुसरी दुसऱ्याची. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलात तर तुमचा डावा पाय एका दरबारचा आणि उजवा दुसऱ्या दरबारचा. या रस्त्यावर कोणती बाजू कोणाची ते मी इथे लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेल.

रस्त्याच्या एका बाजूला अण्णासाहेब राहत. कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, मोडी अक्षर मोत्यासारखे, स्वभाव तांदळातल्या खड्यासारखा. त्यांच्या घराच्या पुढल्या दोन खोल्या आणि ओसरी बाबूराव पगडबंदांना भाड्याने दिलेली. बाबूराव त्या पातीच्या दरबारी मंडळींच्या पगड्या बांधत. आजोबा दक्षिणेतून आले, तेव्हापासूनची नेमणूक. तिची अट एकच: माणूस त्या पातीच्या हद्दीत राहणारा हवा. बाबूराव म्हणजे सखूबाईंचे यजमान. मघाच्या राखवाल्या.

एका आषाढात सखूबाईंनी मला ओसरीवर बसवले आणि सांगितले की अण्णासाहेबांनी भाडे दुप्पट मागितले आहे. कन्नौदचा कोणी धान्याचा अडत्या ओसरीवर गादी घालायला तयार आहे. दसऱ्यापर्यंत द्या किंवा जागा मोकळी करा. त्या बाजूला दुसरे घर मिळत नव्हते. बाबूरावांनी महिनाभर पाय झिजवले होते. समोरच्या बाजूला दोन घरे रिकामी होती, दहा पावलांवर. पण ती दहा पावले टाकली की बाबूराव दुसऱ्या राज्याचे, आणि तीन पिढ्यांची नेमणूक संपली. लंडनातला माणूस घर बदलून पलीकडे गेला तरी लंडनातच राहतो. इथे रस्ता ओलांडला की नोकरी जाते. हे कुठल्याच विलायती वर्तमानपत्रात नव्हते.

मी उठलो तो थेट आत गेलो. अण्णासाहेब झोपाळ्यावर होते. मी त्यांना लोभी म्हणालो, हे मी नाकारत नाही. ते शांतपणे आत गेले आणि माझेच पत्रक घेऊन आले. त्यावर लाल शाईने रेघ मारलेली होती. ‘लंडनचा मजूर आपल्या मजुरीचा केवढा लचका घरमालकाच्या तोंडात टाकतो ते पाहा’, असे मीच लिहिले होते.

“तुमच्याच कागदावरून कळलं मला,” अण्णासाहेब म्हणाले. “लंडनात लचका घेतात, पॅरिसात लचका घेतात. मी इतकी वर्षं नुसता चिमटा घेत होतो. तो किती स्वस्तातला, ते तुम्ही दाखवलंत. मी आभारी आहे.”

पत्रकाच्या खालच्या भागात त्यावरचा कायदाही दिला होता, पण तिथे लाल रेघ पोचली नव्हती. पत्रके लिहिणाऱ्या सगळ्यांना माझे सांगणे आहे: दुखणे वर आणि औषध खाली छापू नका. वाचणारा दुखण्यापाशीच थांबतो आणि ते आपल्याला हवेसे करून घेतो.

म्हणजे सखूबाईंच्या घरावर आलेले संकट मी आणले होते. त्यांना मी ते सांगितले. त्या म्हणाल्या, “आणलंत तुम्ही, तर न्यायचंही तुम्हीच.” रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

मी बाबूरावांना सुचवले की दसऱ्याला पगड्या बांधायला नकार द्या. दरबार तुमच्यावाचून अडेल, अण्णासाहेबांचीही पगडी तुम्हीच बांधता, सगळे ताळ्यावर येतील. ग्लासगोचे उदाहरण दिले. बाबूराव गुडघ्यावर पगडी घेऊन पेच बसवत होते. वर न बघता म्हणाले, “भांडण अण्णासाहेबांशी आहे. त्यांच्या डोक्याशी नाही.” हा विषय तिथेच संपला.

मग मी त्या पातीच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. अर्जाला लंडन, पॅरिस आणि व्हिएन्ना यांचा तुलनात्मक तक्ता जोडला होता, दोन रात्री खपून केलेला. तिथले अंमलदार सज्जन होते. त्यांनी तक्ता पूर्ण वाचला आणि विचारले, “पत्रकवाले, हे व्हिएन्ना आपल्या कुठल्या परगण्यात येतं? टोंकखुर्दच्या अलीकडे की पलीकडे?” सगळी कचेरी हसली. मीही हसलो असतो, पण त्या काळी मला हसणे जमत नसे.

बाहेर पायरीवर बसून मी रस्त्याकडे पाहत होतो. समोरच्या कचेरीत नवा पंखा लावत होते, आणि आमच्या अंमलदारांचे दोन शिपाई इकडून माना उंच करून त्याचे माप घेत होते. तेवढ्यावरून माझ्या डोक्यात उजेड पडला. लंडनात काय चालते याच्याशी देवासला काही घेणे नाही. समोर काय चालते याच्याशी आहे. मी समुद्रापलीकडची गावे ताडून पाहत बसलो होतो, आणि ताडून पाहायची दोन राज्ये माझ्या उजव्या-डाव्या हाताला होती.

माझ्या वहीत दोन्ही बाजूंची घरे होतीच. सारख्या मापाची घरे निवडली आणि त्यांची भाडी समोरासमोर मांडली. अण्णासाहेबांच्या बाजूला गेल्या दोन वर्षांत वाढ जास्त, समोर कमी. मजकूर तयार झाला, पण छापखान्यात गाडी अडली. उजवीकडे कोणती पाती आणि डावीकडे कोणती? वर कोण, खाली कोण? थोरलीला आधी घ्यावे तर धाकटीचे लोक पत्रक फाडणार. धाकटीला आधी घ्यावे तर थोरलीचे मला फाडणार. नावे गाळावीत तर पत्रकाला अर्थ नाही. मी आणि छापखान्याचा मालक दुपारभर वाद घालत बसलो. शेवटी खिळे जुळवणारा कंपॉझिटर, इंदूरचाच माळवी माणूस, आमच्या बडबडीला कंटाळून म्हणाला, “अरे भिया, कागज घुमई दो नी. झगड़ो खतम.”

त्याने अर्ध्या कागदावर एक पाती सुलटी लावली आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरी उलटी. कागद कसाही धरा, तुमच्या हाताकडची बाजू सरळ आणि समोरची डोक्यावर उभी. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत उत्तम पत्रक, आणि त्याची अक्कल माझी नाही. बाजारच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून लोक तो कागद चक्रासारखा फिरवत होते, आणि प्रत्येकजण समोरच्याला सांगत होता की आम्ही सरळ आणि तुम्ही डोक्यावर.

परिणाम चार दिवसांत दिसला, आणि मला हवा होता तसा नव्हे. समोरच्या बाजूचे एक शेठ स्वतः चालत आले आणि भर रस्त्यातून बाबूरावांना म्हणाले, “पगडीवाले भिया, म्हारे यां आई जाव. भाड़ो पुरानो ज रेगा.” म्हणजे जुन्याच भाड्यात त्यांच्याकडे राहायला या; वर त्यांच्या कचेरीतही बाबूरावांसाठी शब्द टाकतो म्हणाले. सखूबाई रडल्या. आनंदाने नव्हे. त्यांचे सासरे त्या ओसरीवर पगडी बांधता बांधता गेले होते, आणि समोरच्या कचेरीतला शब्द शब्दच होता. बाबूराव मला म्हणाले, “पत्रकवाले, आता नाही म्हणालो तर शेठचा अपमान, हो म्हणालो तर धन्याचा. तुम्ही पत्रक काढता आणि उत्तर आम्हाला द्यावं लागतं.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. त्याच्यावर पत्रक निघणार नाही.

इकडे त्या अंमलदारांनी अण्णासाहेबांना बोलावून घेतले. आत काय झाले ते मला शिपायाने सांगितले. दसऱ्याला आपल्या मंडळींनी पगड्या समोर जाऊन बांधून आणायच्या का, एवढाच प्रश्न विचारला म्हणे. अण्णासाहेबांनी मान खाली घातली. पण हुकूम काही निघाला नाही. ‘दसरा होऊ द्या, मग पाहा,’ इतकेच अंमलदार त्यांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेब मी उतरलो होतो त्या धर्मशाळेत आले. भांडायला आले असे समजून मी बाह्या सरसावल्या. त्यांनी पिशवीतून पत्रांचा जुडगा काढला. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईला कापसाच्या पेढीवर कारकून होता. गिरगावात एका चाळीत एक खोली. लग्न झाल्यापासून मालकाने दोनदा भाडे चढवले, आणि आता पुन्हा चढवतो म्हणत होता. दर पत्राच्या शेवटी मुलगा बापाकडे मदत मागत होता, आणि प्रत्येक पत्रात अक्षर थोडे अधिक बारीक झाले होते.

“मुंबईचा मालक माझ्या पोराला पिळतो,” अण्णासाहेब म्हणाले, “म्हणून मी बाबूरावांना पिळतो. माझी पेन्शन काही रबराची नाही. आता तुम्हीच सांगा, यावर काय करतात?”

मी उत्साहाने व्हिएन्नापासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

“व्हिएन्ना राहू द्या हो. मुंबईत काय आहे?”

मला ठाऊक नव्हते. हे लिहिताना अजून कान गरम होतात. ग्लासगोच्या बायकांनी कोणते पीठ वापरले यावर मी तासभर बोलू शकलो असतो, आणि मुंबईत काय आहे ते मला ठाऊक नव्हते. मी तसे कबूल केले. अण्णासाहेब हसले नाहीत. “निदान खोटं बोलला नाहीत,” म्हणाले.

मी मिळेल त्या टांग्याने इंदूर गाठले आणि ओळखीच्या वकिलांकडे गेलो. ते मात्र पोट धरून हसले. मुंबई सरकारने लढाईच्या दिवसांतच लहान घरांच्या भाड्याला लगाम घालणारा कायदा केला होता. माझ्या लंडनच्या टिपणांखाली दडलेल्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमीही असणार. पण देशी वर्तमानपत्रातला कायदा तो काय, म्हणून मी ती पाने उलटत होतो. व्हिएन्नाला मनाने चारदा जाऊन आलो, आणि वाटेत मुंबई लागते हे विसरलो. माझ्या पहिल्या पत्रकात लंडनऐवजी मुंबई असती तर अण्णासाहेबांनी तिथे लाल रेघ मारून पत्रक मुलाला पाठवले असते, आणि बाबूरावांचे भाडे वाढलेच नसते.

वकिलांनी कायद्यातला मजकूर समजावला, मी तो साध्या मराठीत उतरवला आणि अण्णासाहेबांनी आपल्या हाताने मुलाला पत्र लिहिले. उत्तर यायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत सखूबाईंनी सामानाची दोन गाठोडी बांधून ठेवली होती आणि सोडलीही होती. दसऱ्याला आठ दिवस असताना उत्तर आले. मुलाने कायद्याचा कागद मालकासमोर धरताच मालक आधी ओरडला, मग कोणा जाणत्याला विचारून आला, आणि भाडे पूर्वीवर आणले. वर म्हणाला म्हणे, की हा देवासचा माणूस कोण, जरा भेटवा.

अण्णासाहेबांनी कन्नौदच्या अडत्याला नकार कळवला आणि मला व बाबूरावांना बोलावून कबुलायत लिहायला घेतली. दोन्ही खोल्या आणि ओसरी, जुन्या भाड्याने. शेवटची ओळ मात्र त्यांनी स्वतःच्या मनाची घातली: ‘मुंबईस चिरंजीवांचे भाडे वाढत नाही तोपर्यंत इथे बाबूरावांचे वाढणार नाही.’ मी हरकत घेतली. हा काय कायदा झाला? एका माणसाचे घर दुसऱ्या गावच्या मालकाच्या मर्जीवर कसे टांगता? शिवाय वहीतल्या बाकीच्या घरांचे काय? त्यांना ना दरबारचा पगडबंद, ना मुंबईला मुलगा. दोन्ही पात्यांनी मिळून एकच नियम करावा, असा अर्ज मी तेव्हा केला, पुन्हा केला, आणि करत राहणार आहे. अण्णासाहेबांनी सही करून शाई सुकायला वर वाळू टाकली आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. पण मी दरबार नाही. मी एवढंच लिहू शकतो.”

बाबूराव समोरच्या शेठकडे जाऊन त्यांच्या पाया पडून आले. त्यांच्या घरच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाच्या पगड्या फुकट बांधायचे कबूल करून आले. शेठ खूश.

तेव्हापासून मी मुंबईची वर्तमानपत्रे आधी वाचतो, विलायतेची मागून. त्या कायद्याला मुदत असते आणि ती संपत आली की वाढवतात की नाही याची धाकधूक लागते. सखूबाईंनाही ते कळले आहे. त्या रोज देवापाशी मुंबईच्या त्या अनोळखी घरमालकाला चांगली बुद्धी मागतात. असला नवस ग्लासगोतही कोणी केला नसेल.

यंदा दिवाळीच्या आधी देवासला गेलो तर गल्लीतल्या सगळ्या ओसऱ्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या आणि बाबूरावांची तेवढी मळकी राहिलेली. सखूबाई दारातच उभ्या होत्या. मला बसाही म्हणाल्या नाहीत.

“मुंबईचं काय झालं भाऊ?”

“मुदत वाढली,” मी म्हटले.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग आत वळून हाक मारली, “अहो, ऐकलंत का? चुना भिजत घाला.”